तीन सेकंद मागे

टेबलाखाली काळं पेडल.
मधे दाबलं की आवाज चालतो,
पाय उचलला की थांबतो,
डाव्या कडेला टाच टेकली
की तीन सेकंद मागे.
बोटं तेवढी मोकळी राहतात, लिहायला.

मिरजेत, सतारमेकर गल्लीत, वरच्या खोलीत
मी मिनिटावर पैसे घेते.
मिनिट म्हणजे फाइलमधलं.
त्यापायी माझी किती गेली, ती धरत नाहीत.

पुण्याच्या बाईंनी चौदा फाइली पाठवल्यात.
धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं,
काय पेरायची, काय खायची.
सूचनांचा कागद भिंतीला चिकटवलाय:
खोकला लिहू नये.
'म्हंजे' दर वेळी लिहू नये.
ऐकू आलं नाही तर कंसात अस्पष्ट.
बोलणारा थांबला तर कंसात विराम.

फाइल नववी. ठकूताई सपकाळ.
वय विचारलं की हसतात.
वेग ऐंशी टक्क्यांवर ठेवलाय मी.
साठवर नेला एकदा,
तर तेच हसणं रडल्यासारखं आलं.
पुन्हा नेला नाही.

"काळी गजी व्हती, जिरगा व्हता,
आन् वरल्या वाफ्यात त्यो..."
एसटीचा हॉर्न.
"...लई घमघमायचा."

टाच.
आन् वरल्या वाफ्यात त्यो, हॉर्न.
टाच.
वाफ्यात त्यो, हॉर्न.
टाच. टाच. टाच.
कुठल्या ड्रायव्हरनं, कुठल्या वळणावर,
कुणाच्या म्हशीला बाजूला हो म्हटलं असेल,
आणि एक भात त्याखाली गेला.

खाली दस्तगीरचाचा जवारी काढतायत.
घोडीच्या हाडावर कानस दोनदा,
तार चढव, छेड, मान हलव,
तार उतरव, पुन्हा कानस.
सकाळपासून एकच सूर
जिना चढून माझ्या हेडफोनच्या फटीतून आत येतोय.
दिवसभर बसून केलंस काय, असं कुणी विचारलं
तर ते दाखवणार एक तार,
मी अर्धी ओळ.

चौथ्या दिवशी लॅपटॉप घेऊन खाली गेले.
पेडल वरच राहिलं, म्हणून बोटानंच मागे नेत होते.
चाचांनी हाडाची पूड झटकली,
हेडफोन बनियनला पुसून घातला.
ऐकलं. बोट वर केलं: और एक बार.
हॉर्नपाशी डोळे मिटले.
सात वेळा मिटले.

"हॉर्नच्या खाली काय नाय, बेटा.
बोल असता तर कुठंतरी घासला असता.
नुसता श्वास घेतलाय तिनं."
कानस उचलली, परत ठेवली.
"नाव आलंच नाय तिला."

वर आले.
कर्सर कंसापाशी उघडझाप करत होता.
अस्पष्ट म्हणजे माझा कान कमी पडला.
विराम म्हणजे तिथं काही नव्हतंच.
खरं लिहायचं तर विराम.
कागदाप्रमाणेही विरामच.

पण विराम वाचून कोण कशाला परत जाईल?
अस्पष्ट वाचून बाई फोन तरी करतील,
ठकूताई, ते वरच्या वाफ्यातलं काय म्हणालात?
आणि तोवर एखाद्या दुपारी,
रेशनचा तांदूळ निवडताना,
खड्याबरोबर हाताला लागलं असेल नाव.

कंस तसाच ठेवला.
पुढे वेळ घातली: चौदा मिनिटं, सात सेकंद.
चूक माझ्या नावावर राहू दे,
कापले तर कापतील दोन रुपये.

खाली तार चढली. या वेळी उतरवली नाही.

मी मधे पाय ठेवला.
"लई घमघमायचा," ठकूताई म्हणाल्या,
"शेजारी शिजला तरी
आमचं निम्मं जेवान व्हायचं."
मग खोकल्या.
तो खोकला मी लिहिला.